दोन दिनारांचा हिशेब



गेल्या हिवाळ्यात नाताळच्या तयारीची बैठक संपली आणि आमच्या आजारभेट गटात थोडी वादावादी झाली. निमित्त साधे होते. गटाला औषधांसाठी अधूनमधून मदत करणाऱ्या एका हितचिंतकांचे पत्र आले होते. त्यांनी विचारले होते की, तुम्ही ज्या जुनाट आजारांच्या रुग्णांकडे जाता, त्यांच्यामागे दर माणशी वर्षाला किती खर्च येतो आणि त्यातून वाचते किती?

आमचा हिशेब पाहणारे काका एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले आहेत. त्यांना या प्रश्नात काहीच वावगे वाटले नाही. त्यांनी तिथल्या तिथे वहीवर उभ्या रेघा मारायला घेतल्या. पण दोघी-तिघींचे चेहरे उतरले. एक ताई म्हणाल्या, "म्हातारीच्या पायाची जखम मी रोज धुते. तिचे पण पैसे लावायचे का आता?" काका गप्प बसले. फादरही काही बोलले नाहीत. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हीही ताईंच्याच बाजूचे होतो. आज आमचे मत पूर्वीसारखे राहिलेले नाही. ते का बदलले, हे सांगण्यासाठी हा लेख.

हा गट म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. बीड जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या विखुरलेल्या धर्मग्रामात वीस-बावीस घरे अशी आहेत की, जिथे कोणाला तरी शुगर आहे, बीपी आहे, दमा आहे किंवा फिट येते. आम्ही डॉक्टर नाही आणि औषधे देत नाही. गोळ्यांची पाकिटे काढून पाहायची, कोणती संपत आली ते लिहायचे, तारखेला ग्रामीण रुग्णालयात सोबत जायचे, अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातून आणलेला कागद गावातल्या डॉक्टरांना दाखवायचा, कारखान्यावर गेलेल्यांना फोन करायचा, एवढेच आमचे काम. जो आजार जन्मभर सोबत राहणार आहे, त्याच्यासाठी चार ठिकाणी चार जण जे करतात त्यात मेळ घालणे, असे म्हणता येईल.

या मेळ घालण्याची किंमत मोजावी की नाही? आणि मोजायची तर कोणाच्या बाजूने?

प्रेमाचे मोजमाप करू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पण चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा एकदा नीट आठवून पाहा. आपण त्याच्या दयेवर थांबतो. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर बसवून त्या माणसाला उतारशाळेत नेले, इथपर्यंत सर्वांना पाठ असते. पुढचा भाग हिशेबाचा आहे. दुसऱ्या दिवशी तो निघाला, कारण त्याला स्वतःची कामे होती. निघताना त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दिनार मोजून दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तो फेडीन, असे कबूल केले. त्या काळी एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यातही हाच दर आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी आगाऊ आणि पुढच्या खर्चाची हमी. शोमरोन्याने काळजी घेण्याचे काम दुसऱ्यावर सोपवले, त्याचा खर्च ठरवला आणि पुन्हा येण्याचे सांगितले. त्याने मोजले म्हणून त्याची दया कमी झाली, असे कोणी म्हणत नाही. न मोजता निघून गेला असता, तर चार दिवसांनी मालकाने त्या जखमी माणसाला बाहेर काढले असते किंवा बिचारा स्वतःच्या खिशातून भरत राहिला असता.

तेव्हा मोजणे हे पाप नाही, इथवर आम्ही आलो. पण इथेच खरी अडचण सुरू होते.

आमच्या भेटीच्या यादीत एक बाई आहेत. वय पन्नाशीच्या आत. नवरा-बायको दोघे मिळून एक 'कोयता'. दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, एखाद्या वर्षी कर्नाटकात, आणि परत येणे पाडव्याच्या आसपास. उचल आधीच घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. बाईंना शुगर आहे. गावी असताना उपकेंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळतात. कारखान्यावर गेल्यावर त्या संपतात. कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. तिकडचा डॉक्टर नवा, त्याला काही माहीत नाही. तो पुन्हा रक्त तपासतो आणि नव्या गोळ्या लिहून देतो. गेल्या उन्हाळ्यात त्या परत आल्या तेव्हा आम्ही त्यांची पिशवी पाहिली. तीन वेगवेगळ्या नावांची पाकिटे, आणि डॉक्टरांना दाखवल्यावर कळले की त्यांतील दोन एकच औषध आहे. त्या कधी एक घेत, कधी दोन्ही.

आता या बाईंच्या उपचाराचा खर्च किती? सरकारच्या वहीत तो जवळजवळ काहीच नाही. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, आणि ही चांगली गोष्ट झाली हे मान्य केलेच पाहिजे. केसपेपरचे पैसे नाहीत, रक्ताचे नाहीत, गोळ्यांचे नाहीत. पण कारखान्यावर एक दिवस दवाखान्यात गेले की खाडा पडतो. त्या दिवशीची मजुरी जाते, आणि वर मुकादम दंड कापतो. २०१९ साली या प्रश्नावर बराच गवगवा झाला, तेव्हा हा दंड दिवसाला ५०० रुपये असल्याचे कामगार बायांनी सांगितले होते. जोडीतील एक बसला तर दुसऱ्याचेही काम अडते. म्हणजे गोळी फुकट असली, तरी गोळी आणण्याचा दिवस फुकट नाही. तो दिवस कोणत्याच दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये लिहिला जात नाही.

आणि खोट्या मापाने मोजले तर काय होते, हे आपल्या जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. साधारण सहा जणींमागे एक. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या.

यात नफ्यासाठी ऑपरेशन करणारे होते, ते तर होतेच. पण आम्हांला आज दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. अंगावरून जाणे, पोटात दुखणे, पाळीत जास्त रक्त जाणे या तक्रारींना धीराने, पुनःपुन्हा तपासून उपचार करावे लागतात. चार-सहा खेपा होतात. फडात ना पाणी ना आडोसा, कोपीत झोपायचे, पहाटे मोळ्या बांधायच्या, अशा जागी आजार लवकर बरा होत नाही. प्रत्येक खेपेला खाडा. मग कोणी तरी सांगते, एकदाच पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. आणि बाई मनातल्या मनात हिशेब करते. सहा खाडे, सहा वेळचे भाडे, दर महिन्याला पाळीचे चार दिवस एका पारड्यात, आणि एक ऑपरेशन दुसऱ्या पारड्यात. ऑपरेशन स्वस्त पडते! तिचा हिशेब चुकीचा नव्हता. तिच्या हाती दिलेले मापच खोटे होते. पुढे वाढलेली कंबरदुखी, अकाली थांबलेली पाळी, हाडांचा ठिसूळपणा आणि ऑपरेशनसाठी काढलेले कर्ज या गोष्टी त्या मापात बसतच नव्हत्या.

बारा वर्षे रक्तस्राव होणाऱ्या त्या स्त्रीची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. मार्कने तिचा हिशेब सांगून ठेवला आहे: पुष्कळ वैद्य झाले, जवळचे होते नव्हते ते सर्व संपले आणि दुखणे मात्र वाढले. बरे होण्याची गोष्ट सांगताना तिच्या खर्चाचा उल्लेख त्याला महत्त्वाचा वाटला, ही लहान बाब नव्हे.

सरकारी योजनांचे मापही थोडेसे असेच आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना अनेकांना वरदान ठरली. आमच्या धर्मग्रामातही ठरली आहे, तेव्हा तिची निंदा करण्याचा विचार नाही. पण ती मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. शुगरने सडलेला पाय कापला तर त्याची नोंद होते, त्याचा दर ठरलेला असतो. तो पाय सडू नये म्हणून रोज तळवे पाहणाऱ्या ताईंची नोंद कुठे होणार? जे घडले नाही त्याचे बिल निघत नाही.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख फार गोड झाला असता. मेळ घाला, पैसे वाचतील, सर्वांचे भले होईल. आम्ही हितचिंतकांना अगदी असेच उत्तर लिहायला बसलो होतो. आमच्याकडे उदाहरणही होते. दम्याचे एक आजोबा एका वर्षात तीन वेळा दाखल झाले होते. आम्ही त्यांच्याकडे जायला लागलो आणि पुढच्या वर्षी एकदाही दाखल झाले नाहीत. तीन खेपा वाचल्या! पण काकांनी शंका काढली. ते म्हणाले, "माणूस सर्वांत जास्त आजारी असतो तेव्हाच आपण त्याच्याकडे जायला लागतो. त्यानंतर तो थोडा बरा होणारच, आपण जाऊ अथवा न जाऊ."

एस.टी.च्या डेपोतली ही शंका अमेरिकेतल्या मोठमोठ्या संशोधकांना पडलेली आहे. न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन नावाचे गरीब शहर आहे. तिथे वारंवार दवाखान्यात दाखल होणाऱ्या रुग्णांच्या घरी परिचारिका आणि समाजसेवक जात, औषधे लावून देत, डॉक्टरांची वेळ ठरवून देत. आधीचे आणि नंतरचे आकडे पाहता या कामाचा फार बोलबाला झाला होता. मग तिथल्या लोकांनी मोठ्या मनाने स्वतःची परीक्षा घ्यायची ठरवली. ८०० रुग्णांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून ही सेवा दिली, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. जानेवारी २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सेवा मिळालेल्यांपैकी ६२.३ टक्के रुग्ण १८० दिवसांत पुन्हा दाखल झाले, आणि न मिळालेल्यांपैकी ६१.७ टक्के. फरक नाहीच. दाखल होणे पूर्वीपेक्षा दोन्हीकडे कमी झाले होते.

त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने वृद्धांच्या सरकारी विम्यातील अशाच ३४ कार्यक्रमांचा हिशेब मांडला होता. सेवा देणाऱ्यांचे शुल्क धरल्यावर जवळजवळ कुठेच खर्च कमी झालेला नव्हता. ज्या कार्यक्रमांत सेवक रुग्णाला समोरासमोर भेटत आणि डॉक्टरांशी त्यांचे थेट बोलणे असे, तिथे चित्र थोडे बरे होते. नुसते फोन करणाऱ्यांचे तसे नव्हते. आमच्या गटातील फोनवाल्यांनी हे जरूर मनावर घ्यावे.

हे वाचून आम्ही काही दिवस खट्टू होतो. मग एक प्रश्न पडला. आजोबांकडे गेल्याने एक रुपयाही वाचला नसेल, तर त्यांच्याकडे जाणे बंद करायचे का? कोणीही हो म्हणणार नाही. मग "किती वाचते" हा प्रश्न आपण एवढ्या तत्परतेने का स्वीकारला? शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला काय वाचेल ते विचारले नव्हते, काय लागेल ते विचारले होते. गरिबाची काळजी घेण्याचे कारण म्हणून आपण बचत पुढे करतो, तेव्हा नकळत एक अट घालत असतो: तू आम्हांला स्वस्त पडलास तरच. ज्याचा आजार महागच राहणार आहे, ज्याला डायलिसिस चालू आहे, ज्याच्या मेंदूला जन्मापासून इजा आहे, तो या अटीत कधीच बसणार नाही.

परंतु याचा उलटा अर्थही काढू नये. प्रेम आहे म्हणून परिणाम तपासायचा नाही, हा आळस झाला. कॅम्डेनच्या लोकांनी काम सोडले नाही, तर कुठे कमी पडतो ते शोधायला घेतले. आमच्या भेटींनी आजोबांचा श्वास सुधारतो की नुसते आम्हांला बरे वाटते, हे जाणून घेणे आजोबांच्या हिताचे आहे. पंप तोंडात धरून दाबण्याची पद्धत त्यांना कोणीच नीट दाखवलेली नव्हती, हे आम्हांला दीड वर्षाने कळले. दीड वर्ष आम्ही जाऊन प्रार्थना करत होतो आणि चहा पीत होतो.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. जखम धुण्याचे पैसे लावायचे का?

आपल्या आष्टी-पाटोद्याला लागून जामखेड आहे. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळदा दलित समाजातल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. कुष्ठरोग्यांना वेगळे न काढता इतर रुग्णांबरोबरच उपचार दिले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून लोक हे काम पाहायला आले, आणि थोडक्या पैशात एवढे काम कसे होते याचे त्यांना नवल वाटले. उत्तराचा एक भाग असा की, त्या बाया पगारी नव्हत्या. आरोळे दांपत्याने हे लपवले नाही. बायांना गावात मान मिळावा, लहान धंद्यासाठी कर्ज मिळावे, त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी त्यांची योजना होती आणि ती फळालाही आली.

पण पुढे सगळीकडे स्वस्ताईची नक्कल झाली, मान मात्र मागे राहिला. २००५ पासून आशाताई आल्या. त्यांना स्वयंसेविका म्हटले, कारण स्वयंसेविकेला पगार द्यावा लागत नाही. क्षयाच्या गोळ्या त्यांनी द्यायच्या, बीपी-शुगरच्या याद्या त्यांनी करायच्या, गरोदर बाईला रात्री दवाखान्यात त्यांनीच न्यायचे. महाराष्ट्रातील आशाताईंना २०२४ च्या सुरुवातीला संप करावा लागला, तेव्हा मार्चमध्ये मानधनात महिना ५,००० रुपयांची वाढ मिळाली. एखाद्या कार्यक्रमाचा खर्च कमी दिसतो, तेव्हा तो खरोखर कमी आहे की कोणा बाईच्या पदरात टाकला आहे, हे पाहिले पाहिजे. आमच्याच गटात भेटी देणाऱ्या सर्व स्त्रिया आहेत आणि वही धरणारे सर्व पुरुष. हे वाक्य लिहिताना आम्हांला लाज वाटली, पण काकांनी ते काढू दिले नाही.

तेव्हा पैसे लावायचे नाहीत, पण वेळ लिहायचा, असे ठरले. वहीत काकांनी आता नव्या रेघा मारल्या आहेत. गोळ्या आणि भाडे यांच्या शेजारी भेटीला लागलेले तास, रुग्णाचा बुडालेला दिवस आणि 'सोबत कोण गेले' अशी रकाने आहेत. ताई स्वतःचे तास लिहायला अजूनही कुरकुर करतात. त्यांच्या मते उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये.

त्या शेवटच्या रकान्याने मात्र आम्हांला गप्प केले. डोळ्यांनी अधू झालेल्या शुगरच्या एका आजी दर महिन्याला नेमाने दवाखान्यात जातात. कधी तारीख चुकवत नाहीत म्हणून आम्ही त्यांचे कौतुक करत आलो होतो. फुकट उपचार, नियमित गोळ्या, साखर ताब्यात. आमच्या यादीतील सर्वांत कमी खर्चाचा रुग्ण. सहा महिन्यांच्या नोंदी पाहिल्या तर 'सोबत कोण गेले' याच्यापुढे दर वेळी एकच नाव. सातवीतली नात. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहते. दवाखान्याचा वार शाळेचा असतो. औषधांचे दिवस, रक्त तपासायचे दिवस, मध्येच रांग वाढली म्हणून परत बोलावलेले दिवस. तिच्या वर्गशिक्षिकेला वाटत होते की पोरीला शाळेची गोडी नाही.

काका बराच वेळ पेन धरून बसले होते. या दिवसांची रक्कम काय लिहायची? शेवटी त्यांनी रुपयांच्या रकान्यात आकडा न घालता "शाळेचे दिवस" असे लिहून पुढे रेघा ओढल्या. त्या रेघांसह पानाची प्रत हितचिंतकांना पाठवली आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

आजींची पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. सकाळी साडेसातची एस.टी., परत यायला दोन-अडीच वाजतात. त्या दिवशी नातीऐवजी सोबत जाणारे कोणीतरी हवे आहे. वही मिस्सानंतर दाराजवळच्या टेबलावर ठेवलेली असेल.